पर्वताची राख

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेखातर कादंबऱ्या लिहितो. दोन्ही उद्योग मराठीतून चालतात, त्यामुळे इंग्रजीशी माझे संबंध दूरच्या नातेवाइकासारखे आहेत. लग्नकार्यात गाठ पडली तर हसून दोन शब्द बोलायचे, एरवी एकमेकांच्या वाटेला जायचे नाही. अशा माणसाने परदेशात जाऊन रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचू नयेत. मी वाचली, आणि व्हायची ती फजिती झाली.

२०२५ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे मेलबर्नला गेलो होतो. आपल्याकडे तेव्हा वैशाखवणवा पेटलेला, आणि तिकडे ऋतू उलटे असल्याने पानगळ चाललेली. एका रविवारी मेहुण्यांनी गाडी काढली. शहराच्या ईशान्येला हील्सव्हिल गाव ओलांडले आणि आम्ही ब्लॅक स्पर नावाच्या घाटाला लागलो. पावसाळ्यातल्या आंबोलीची आठवण व्हावी असा तो ओला, धुकट घाट. पण झाडे? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना देवळाच्या खांबांसारखी सरळ, पांढुरकी खोडे निघाली होती, ती वर कुठे संपतात हे गाडीच्या काचेतून दिसेना. खाली नेच्यांची दाटी. आपल्याकडे नेचा विहिरीच्या कठड्यावर वीतभर वाढतो, तिथे तो माणसाच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. एका वळणावर मेहुणे थांबले. तिथे पाटी होती, त्या झाडांचे नाव सांगणारी : माउंटन ॲश.

मी शब्दाला शब्द लावून मोठ्याने म्हणालो, "पर्वताची राख!"

माझी भाची तिथल्या शाळेत सातवीत आहे. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "मामा, ॲश म्हणजे झाड असतं. राखेचा ॲश वेगळा!" बहिणीने, "असू दे गं, दादाला काय ठाऊक," म्हणून माझी बाजू घेतली; त्यामुळे मी अधिकच ओशाळलो.

भाचीचे बरोबर होते. इंग्रजीत राख या अर्थाचा शब्द आणि त्या नावाच्या झाडाचा शब्द, दोघांची मुळे निराळी आहेत. केवळ काळाच्या ओघात त्यांचे उच्चार सारखे झाले. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मी त्या झाडाचा जो इतिहास वाचला आणि ऐकला, त्यावरून माझी खात्री झाली की माझे ते चुकलेले भाषांतर त्या झाडाच्या बरोबर नावापेक्षा अधिक खरे होते. ते कसे, हेच मला आज वाचकांना सांगायचे आहे. फराळाचे ताट जवळ घेऊन बसा. गोष्ट जरा लांबची आहे.

त्याच दिवशी आणखी एक गंमत झाली. घाट उतरून आम्ही मेरीसव्हिल नावाच्या लहानशा गावात चहाला थांबलो. तिथे एका वृद्ध बाईंच्या अंगणात, पुरुष-दीडपुरुष उंचीचे एक नाजूक झाड होते. पाने पिवळी-नारिंगी झालेली, आणि फांद्यांना लालचुटूक फळांचे घोस लटकलेले. मी भाचीकरवी नाव विचारले. बाई म्हणाल्या, "माउंटन ॲश." मी मागे वळून घाटातल्या त्या गगनभेदी झाडांकडे पाहिले, आणि पुन्हा अंगणातल्या या बाहुलीकडे. मग संध्याकाळी घरी परतलो, तर बहिणीच्या गल्लीतलेच एक झाड, पाने गर्द तांबडी झालेले, बोटाने दाखवून भाची म्हणाली, "आणि मामा, हा खरा ॲश!"

एका दिवसात एकाच नावाची तीन झाडे! आणि तिघांचे एकमेकांशी नाते काय म्हणाल, तर कुंभार आणि कुंभारमाशी यांच्यात जेवढे असते तेवढे.

ही तीन झाडे कशी ओळखायची ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास ओळखीच्या घोटाळ्यातून निघालेला आहे. खरा ॲश हा युरोपातला वृक्ष. त्याचे पान आपल्या कडुलिंबासारखे संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका असलेले. ही संयुक्त पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात आणि फळाला चपटा पंख असतो. हा वृक्ष जाई आणि पारिजातक यांच्या कुळातला आहे. पारिजातकाची पानेही समोरासमोर असतात, हे आपल्या अंगणात पाहून घ्यावे. दुसरा तो लाल फळांचा. इंग्रज लोक त्याला रोवन असेही म्हणतात. त्याचेही पान संयुक्त, लांबून थेट ॲशसारखे. आणि तो डोंगरात वाढतो, म्हणून त्याला 'डोंगरातला ॲश' हे उसने नाव मिळाले. पण त्याची पाने फांदीवर समोरासमोर न येता एकाआड एक येतात, आणि तो आहे गुलाब-सफरचंदाच्या कुळातला. त्याचे लाल फळ उलटे धरून पाहिले तर सफरचंदाच्या बुडाशी असतो तसा पाच टोकांचा चिमुकला तारा दिसतो. स्कॉटलंडच्या खेड्यांतून हे झाड दाराशी लावले की चेटकिणी उंबरा ओलांडत नाहीत असा समज होता. आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो, त्यातलाच प्रकार.

आणि तिसरा घाटातला राक्षस. तो या दोघांचाही कोणी नव्हे. त्याचे पान साधे, कोयत्यासारखे वाकडे, चुरगळले की ओळखीचा वास येणारे. सर्दी झाली की आपण रुमालावर ज्या तेलाचे दोन थेंब टाकतो, त्या निलगिरीचा हा भाऊबंद. कूळ जांभळाचे आणि पेरूचे. लवंगही याच कुळातली. लवंगेच्या डोक्यावर जो मणी असतो तो म्हणजे न उमललेल्या पाकळ्यांची टोपी. निलगिरीच्या कळीलाही तशीच टोपी असते, आणि फूल उमलताना ती गळून पडते. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, डेव्हिड नेल्सन नावाच्या माळ्याने टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर अशा एका झाडाची फांदी गोळा केली. तिच्यावरून लेरित्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८८ साली या घराण्याला 'युकॅलिप्टस' म्हणजे 'चांगला झाकलेला' असे नाव दिले. ते नाव या टोपीवरूनच पडले.

मग या राक्षसाच्या गळ्यात ॲशचे नाव कोणी बांधले? तर घर सोडून आलेल्या माणसांनी. एकोणिसाव्या शतकात विलायतेतून आलेले वसाहतवाले कुऱ्हाड घेऊन या रानात शिरले. त्यांनी झाड पाडले, कापले. आतले लाकूड फिकट रंगाचे, सरळ धाग्याचे निघाले. गावाकडच्या सुताराच्या पेढीवरचे ॲशचे लाकूड त्यांना आठवले. झाले! पान पाहिले नाही, फूल पाहिले नाही, लाकडावरून बारसे झाले. टास्मानियात त्याच झाडाला 'दलदलीचा गम' म्हणू लागले, आणि लाकडाच्या बाजारात तेच 'टास्मानियन ओक' म्हणून विकले जाऊ लागले. ओकशी त्याचा संबंध ॲशइतकाच! या डोंगरांत हजारो वर्षे राहिलेल्या वुरुंजेरी लोकांच्या भाषेत या झाडाला काय म्हणतात, हे विचारण्याची गरज त्या कुऱ्हाडवाल्यांना वाटली नाही.

वसाहतवाल्यांना हसायचे कारण नाही. आपण काय केले? दक्षिणेतल्या निलगिरी पर्वतावर इंग्रजांनी १८४३ साली ऑस्ट्रेलियातली झाडे आणून लावली. पुढे उटकमंडच्या थंडीत जळणासाठी त्यांची बने वाढवली. झाड परके, डोंगर आपला. पण आपण डोंगराचेच नाव झाडाला चिकटवून मोकळे झालो. आज 'निलगिरी' म्हटले की लेकरांना आधी झाड आठवते, पर्वत मागून.

शास्त्राने या झाडाला नाव दिले ते १८७१ साली. देणारा फर्डिनांड फॉन म्यूलर. हा जर्मनीतल्या रोस्टॉक शहरात १८२५ साली जन्मलेला, औषधे बनविण्याचे शिक्षण घेतलेला तरुण १८४७ साली ऑस्ट्रेलियात आला. १८५३ साली तो व्हिक्टोरिया प्रांताचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला आणि १८९६ साली मरेपर्यंत त्या पदावर राहिला. पायपीट करून झाडे गोळा करावीत, रात्री जागून पत्रे लिहावीत आणि जगभर बियांच्या पुड्या पाठवाव्यात, असे त्याचे आयुष्य गेले. जगातल्या कितीतरी देशांत निलगिरी पोहोचली ती या पुड्यांतून. त्याने घाटातल्या झाडाला 'रेग्नान्स' म्हटले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'राज्य करणारा'. हे नाव मात्र झाडाला शोभले. तरी ही स्वतंत्र जात की दुसऱ्या जातीचा एक प्रकार, याविषयी आरंभी तो स्वतःच अडखळला होता.

अडखळणे साहजिक होते, कारण जवळच उंच डोंगरावर 'आल्पाइन ॲश' नावाचा याचा एक चुलतभाऊ राहतो, आणि दोघांत भलेभले फसतात. मला एका वनरक्षकाने खूण सांगितली. राजाच्या पायात गुडघ्यापर्यंत खरखरीत मोजे असतात. म्हणजे बुंध्याशी तेवढी साल जाड, आणि वर सगळे अंग गुळगुळीत, पांढुरके. तिथून सालीच्या लांबच लांब फिती सुटून वाऱ्यावर हलत असतात. चुलतभावाचे मोजे मात्र खोडाच्या निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही वर चढलेले. दुसरी खूण कळ्यांची : राजाच्या पानाच्या बगलेत कळ्यांचे झुबके जोडीने येतात, चुलतभावाच्या बगलेत एकेकटे.

राजा म्हटल्यावर त्याच्या उंचीच्या कहाण्या आल्याच. म्यूलरच्या लेखनात ४८० फुटांपर्यंतचे आकडे येतात, तेही इतरांनी सांगितलेले. १८७२ साली विल्यम फर्ग्युसन या वनाधिकाऱ्याने वॉट्स नदीच्या खोऱ्यात कोसळलेले एक झाड ४३५ फूट भरल्याचे कळवले. १८८० नंतरच्या दशकात गिप्सलँडमध्ये कॉर्नथ्वेट नावाच्या सर्वेक्षकाने एक झाड आधी उभे असताना आणि मग पाडल्यावर मोजले, ते ३७५ फूट भरले. पुढे १८८८ साली मेलबर्नला मोठे प्रदर्शन भरायचे होते. त्या निमित्ताने ४०० फुटांहून उंच झाड दाखवील त्याला बक्षीस जाहीर झाले. माणसे रानोमाळ हिंडली. सर्वांत उंच जे सापडले ते ३२६ फूट १ इंच. बक्षीस तसेच राहिले.

कहाण्या खोट्या म्हणाव्यात, तर सर्वांत मोठी झाडे आधीच कुऱ्हाडीखाली गेली होती. खऱ्या म्हणाव्यात, तर पुरावा जळणात गेला होता. आज उभ्या असलेल्या झाडांत टास्मानियातला 'सेंच्युरियन' हा या जातीचा मुकुटमणी. तो २००८ साली विमानातून टाकलेल्या प्रकाशकिरणांच्या मोजणीत सापडला, आणि २०१८ साली १०० मीटर ५० सेंटिमीटर भरला. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटरचा आहे, यावरून अंदाज करावा. फुले येणाऱ्या वृक्षांत एवढी उंची गाठणारे दुसरे झाड म्हणजे बोर्निओतला २०१९ साली मोजलेला एक वृक्ष, तेवढेच.

*

आता त्या राखेकडे वळतो.

वसाहतवाल्यांच्या आगमनापासून या रानात मोठे वणवे लागल्याच्या नोंदी आहेत : १८५१, १८९८, १९२६. पण १९३९ सालचा वणवा या सर्वांवर कडी करणारा होता. आधीची बरीच महिने पाऊस नव्हता. १३ जानेवारी, शुक्रवार. मेलबर्नमध्ये पारा ४५.६ अंशांवर गेला आणि उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला. डोंगरात जागोजागी आधीपासून धुमसत असलेल्या आगी एकमेकींना मिळाल्या. त्या वेळी लाकडाच्या गिरण्या थेट रानाच्या पोटात असत, आणि कामगार बायकामुलांसह तिथेच राहत. त्या उन्हाळ्यात ७१ माणसे गेली, ६९ गिरण्या जळाल्या, आणि सुमारे वीस लाख हेक्टर मुलूख काळा झाला.

चौकशीसाठी न्यायमूर्ती लिओनर्ड स्ट्रेटन यांना नेमण्यात आले. त्यांचा अहवाल तिथे अजून वाचला जातो. आग आकाशातून पडली नाही, ती माणसांच्या हातांनी लागली, हा त्याचा गाभा. कोणी गुरांच्या चाऱ्यासाठी माळ जाळला होता, कोणी जमीन साफ करायला काडी लावली होती, कोणी निष्काळजीपणे शेकोटी सोडली होती. दोष एकावर येत नव्हता, कारण तो सर्वांचा होता.

आणि राजाचे काय झाले? निलगिरीची बहुतेक भावंडे आग सोसतात. खोड काळे पडले तरी सालीखालून किंवा मुळाशी नवी पालवी फोडतात. हा राजा सोसत नाही. त्याची साल पातळ, आणि बुडाशी नवा कोंब राखून ठेवणारी गाठ त्याला नाही. मोठी आग अंगावरून गेली की तो मरतो. मैलोन्मैल पांढरे सांगाडे उभे राहिले. लोकांनी पुढची दहा-बारा वर्षे ते सांगाडे कापून लाकूड वाचवले. रान संपले, असेच पाहणाऱ्याला वाटले असेल.

पण पहिल्या पावसानंतर त्या राखेतून हिरवे केस उगवावेत तशी रोपे उगवली. एकेका हेक्टरात लाखो! ब्लॅक स्परच्या घाटात मी मान मोडून पाहत होतो ती झाडे त्यांतलीच, १९३९ नंतर जन्मलेली. माझ्या आईहून थोडीच वडील.

हे का होते, हे शोधण्यात डेव्हिड ॲश्टन या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे आयुष्य गेले. १९४९ साली त्यांनी वॉलबी क्रीक नावाच्या रानात काम सुरू केले. तिथली काही झाडे जवळजवळ तीनशे वर्षांची होती. त्यांच्या सावलीत बी पडते, मग रोपे का दिसत नाहीत, हा साधा प्रश्न. उत्तर अर्धे मुंग्यांनी दिले. बी अगदी बारीक. एरवी झाडावरून पडेल तेवढे मुंग्या वेचून वारुळात नेतात. जे चुकून उगवते ते सावलीत आणि बुरशीत कुजते. आग लागली की गोष्ट बदलते. शेंड्यावरच्या लाकडी बोंडांत सांभाळलेले बी आगीतून वाचते आणि मग एकदमच खाली सांडते. एवढे बी मुंग्यांना संपवता येत नाही. वर सावली उरलेली नसते, ऊन थेट जमिनीवर येते, आणि भाजलेल्या, राख मिसळलेल्या मातीत रोप झपाट्याने वाढते. कोकणातला शेतकरी भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब भाजतो, तो कशासाठी, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

म्हणजे ज्या झाडाला मी 'पर्वताची राख' म्हणालो, ते खरोखरच पर्वताच्या राखेतून जन्म घेते. आई-बाप जळल्याशिवाय लेकरांना जागा होत नाही, अशी ही विलक्षण कुळी. हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मग मामा, तू चुकलास ते बरोबर चुकलास." मास्तरला विद्यार्थ्याकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

हे कळल्यावर वनखात्याने झाड लावण्याची रीतच बदलली. रानाचा एक तुकडा संपूर्ण तोडायचा, पडलेला पालापाचोळा जाणूनबुजून पेटवायचा आणि त्या राखेवर बी टाकायचे. १९५० नंतरच्या वर्षांत ही पद्धत रूढ झाली. रोपे छान उगवली. वाटले, निसर्गाची किल्ली हाती आली.

किल्ली हाती आली होती, पण कुलूप एकच नव्हते. एक कुलूप पाण्याचे. मेलबर्न शहर पाणी पिते ते याच डोंगरांवरचे. तिथे धरणक्षेत्रात माणसाला पाऊल टाकायला मनाई आहे. १९३९ च्या वणव्यानंतर काही वर्षांनी ओढ्यांचे पाणी कमी झाले. कोवळी झाडे वाढीच्या भरात असतात, जमिनीतले पाणी शोषून घेतात. १९८० नंतरच्या दशकात कुचेरा या अभ्यासकाने हिशेब मांडला : म्हातारे रान जळून नवे उगवले, तर पंचवीस-तीस वर्षांनी ओढ्याचे पाणी निम्म्यापर्यंत घटते, आणि पहिल्यासारखे व्हायला दीडशे वर्षे लागतात.

दुसरे कुलूप एका चिमुकल्या जनावराचे. लेडबीटरचा पॉसम हे खारीएवढे प्राणी म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत राहते. ते नामशेष झाले असे सर्वांनी धरले होते. १९६१ सालच्या एप्रिलमध्ये मेरीसव्हिलजवळच्या रानात ते पुन्हा दिसले. ढोली पडायला झाडाचे वय शंभर-सव्वाशे वर्षे तरी व्हावे लागते, आणि तोडणीचा फेरा आला की तेवढे वय कोणाला मिळते? वादावादी पुष्कळ वर्षे चालली. लाकडावर जगणारी गावे एका बाजूला, रान राखू पाहणारे दुसऱ्या बाजूला. दोघांचेही पोट आणि जीव त्यात गुंतलेले. अखेर १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियात सरकारी नैसर्गिक रानांतली लाकूडतोड बंद झाली.

*

मेरीसव्हिलच्या त्या बाईंची गोष्ट पुढे येईल असे मनात धरले होते. ती आता सांगतो.

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्नमध्ये ४६.४ अंश. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे मेली, आणि मेरीसव्हिल गाव जवळजवळ पुसले गेले. वॉलबी क्रीकची, ॲश्टननी पन्नास वर्षे न्याहाळलेली ती तीनशे वर्षांची झाडेही त्यातच गेली. स्वतः ॲश्टन २००५ साली वारले होते. ते पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

बाई त्या दुपारी शेजाऱ्यांच्या गाडीतून निघाल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी. परत आल्या तेव्हा घराच्या जागी चूल आणि धुराडे उभे होते. पुढे नवे घर बांधले, आणि पहिले झाड लावले ते हे रोवनचे, कारण त्यांच्या आजीच्या दाराशी स्कॉटलंडमध्ये ते होते. लावण्याची रीतही त्यांनी मला सांगितली : पिकलेल्या फळाचा गर धुऊन टाकायचा, बी ओल्या वाळूत घालून सबंध हिवाळा थंडीत ठेवायचे, मग ते वसंतात फुटते. थंडीची परीक्षा दिल्याशिवाय ते बी उघडत नाही. मी म्हटले, "म्हणजे एका माउंटन ॲशला थंडी हवी आणि दुसऱ्याला आग." भाचीने हे इंग्रजीत सांगितले तेव्हा बाई हसल्या.

मग त्यांनी मला अंगणाच्या टोकाशी नेले. समोरचा सगळा डोंगर काठ्यांसारख्या सडपातळ झाडांनी गच्च भरला होता. मधूनमधून जुने पांढरे सांगाडे. माझ्या तोंडून निघाले, "किती सुंदर!" बाई त्याच्याशी सहमत झाल्या आणि म्हणाल्या, "सुंदर आहे, पण अजून भरवसा नाही. सोळा वर्षांचीच आहेत ती."

अर्थ मला नंतर उमगला. हे झाड पुरेसे बी धरू लागते ते सुमारे विसाव्या वर्षी. त्याआधी पुन्हा आग आली, तर शेंड्यावर बी नाही आणि जमिनीतही साठा नाही, कारण याचे बी मातीत टिकत नाही. मग तिथे बाभळीच्या कुळातली झुडपे माजतात आणि राजाचे राज्य त्या डोंगरावरून कायमचे उठते. १९२६ साली उगवलेली पोरसवदा झाडे १९३९ साली जिथे पुन्हा जळाली, तिथे असेच घडले होते. चुलतभाऊ आल्पाइन ॲशवर तर ही पाळी या शतकात पुन्हा पुन्हा आली : २००३, २००६-०७, २००९, २०१९-२०. वनखाते आता साठवलेले बी हेलिकॉप्टरमधून जळक्या डोंगरांवर पेरते. पण बी गोळा करायलाही थोराड झाडे लागतात, आणि तीच कमी होत चालली.

आग या झाडाची सुईणही आहे आणि मारेकरीही. फरक फक्त दोन आगींमधल्या अंतराचा. शंभर-दोनशे वर्षांनी आली तर रान नवे होते, पंधरा वर्षांत आली तर संपते. उन्हाळे पूर्वीपेक्षा कडक होत आहेत, त्यामुळे हे अंतर आखडू लागले आहे. ती बाई रोज सकाळी चहाचा पेला हाती घेऊन समोरच्या डोंगराचे वय मोजते, घरातल्या उपवर मुलीचे मोजावे तसे. सोळा झाली. अजून चार.

*

जूनमध्ये शाळा उघडली. आमच्या शाळेच्या कुंपणाशी निलगिरीची सहा झाडे आहेत, आणि मुले त्यांच्याखाली डबे खातात. इतकी वर्षे मी त्यांच्याकडे कधी मान वर करून पाहिले नव्हते. एका मधल्या सुट्टीत मी खाली पडलेली एक फांदी उचलली, मुलांना गोळा केले आणि कळीवरची टोपी नखाने उडवून दाखवली. आतले पांढरे केसर पाहून पोरींनी "अय्या!" केले. मग कुक, नेल्सन, म्यूलर, वणवा, मुंग्या, पॉसम, सगळे सांगून झाले. तास कधी झाला ते कळले नाही, आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून गेले.

शेवटी मी म्हणालो, "तर मुलांनो, निलगिरी हे नाव आपल्या डोंगराचे, झाडाचे ते नव्हे."

पाचवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "मग गुरुजी, तिचं खरं नाव काय?"

मला पाटी आठवली, लॅटिन आठवले, सुताराच्या पेढीवरचे नाव आठवले. त्यांतले एकही मला सांगावेसे वाटेना. मी म्हणालो, "ते तिच्या माहेरच्या माणसांना विचारायला हवं, बाळ."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीच ठाऊक होते, आणि ती टोपी उडालेली कळी कंपासपेटीत जपून ठेवली.